रोज पाणी घातलं, तरी झाड का गेलं?

“रोज न चुकता पाणी घालत होते हो मी, तरी झाड गेलं. असं कसं?”

घरात झाडं ठेवणारी माणसं मला जे प्रश्न विचारतात, त्यांत हा सगळ्यांत जास्त वेळा येतो. विचारताना आवाज उतरलेला असतो, जणू घरातलंच कुणी आपल्या हयगयीने गेलं. गोष्ट बहुतेक वेळा एकाच वळणाची असते. वास्तुशांतीला कुणीतरी पीस लिली आणून दिली. दिवाणखान्यात टीव्हीशेजारचा कोपरा रिकामा होता, तिथे ती शोभली. महिना-दोन महिने बरे गेले. मग खालची पानं पिवळी पडू लागली. पिवळं पान दिसलं की आपल्याला वाटतं, पाणी कमी पडतंय. म्हणून सकाळ-संध्याकाळ पाणी सुरू झालं. पंधरा दिवसांत देठ मऊ पडले, मातीला आंबूस वास यायला लागला आणि एके दिवशी झाड धरून जरा ओढलं, तर ते अलगद हातात आलं. खाली मुळं नव्हतीच. काळपट गाळ होता.

उत्तर त्या प्रश्नातल्या ‘रोज’ या शब्दात आहे. पण नुसतं ‘पाणी कमी घाला’ म्हणून भागत नाही. कारण वरच्या मजल्यावरच्या वहिनींकडे तेच झाड, तेवढ्याच कुंडीत, रोज पाणी पिऊन फोफावलेलं असतं. त्यांची पीस लिली पूर्वेच्या खिडकीत आहे आणि आपली कोपऱ्यात. फरक एवढाच, आणि तोच सगळा फरक. झाडाला किती पाणी लागेल हे त्याच्यावर किती उजेड पडतो यावरून ठरतं. या एका गोष्टीचा उलगडा झाला की घरातल्या झाडांबद्दलचे निम्मेअधिक प्रश्न आपोआप सुटतात, म्हणून हे प्रकरण तिच्याभोवतीच फिरणार आहे.

१. झाड जेवतं काय?

फार पूर्वीपासून माणसांची समजूत होती की झाड माती खाऊन वाढतं. ब्रसेल्सच्या यान बाप्टिस्ट फान हेल्मॉन्ट यांनी ती तपासून पाहायचं ठरवलं. त्यांनी एका मोठ्या कुंडीत २०० पौंड, म्हणजे सुमारे ९० किलो, कोरडी माती मोजून भरली आणि तीत ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं. पाच वर्षं त्याला फक्त पाणी घातलं. पाच वर्षांनी झाडाचं वजन भरलं १६९ पौंडांहून थोडं जास्त. माती पुन्हा वाळवून मोजली, तर ती कमी झाली होती जेमतेम दोन औंस. म्हणजे मूठभर. हा प्रयोग १६४८ साली, हेल्मॉन्ट गेल्यानंतर, छापून आला.

त्यांनी निष्कर्ष काढला की झाड पाण्याचंच बनतं. तो अर्धाच बरोबर होता. उरलेलं अर्धं यान इंगेनहाउझ या डॉक्टरांनी १७७९ साली दाखवून दिलं: झाडाचे हिरवे भाग हवेवर काम करतात, आणि ते काम फक्त उजेडात चालतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी ओढलेलं पाणी यांपासून पान साखर बनवतं. ती साखर हे झाडाचं जेवण.

स्वयंपाकघराच्या भाषेत सांगायचं तर हवा आणि पाणी हा शिधा आणि उजेड ही चूल. चूल रसरशीत असेल तर शिधा भराभर लागतो. चूल मंद असताना शिधा ओतत राहिलं, तर जेवण वाढत नाही, शिधा मात्र नासतो. खत तर शिधाही नाही, ते मीठ-मसाल्याच्या जागी आहे. झाड कोमेजलं म्हणून खत घालणं म्हणजे उपाशी माणसाला चमचाभर मीठ देणं.

२. आपला डोळा आपल्याला फसवतो

“आमच्याकडे भरपूर उजेड आहे,” असं प्रत्येक जण सांगतो, आणि मनापासून सांगतो. पण ते आपल्या डोळ्याचं मत असतं. अंधाऱ्या जागी बाहुली मोठी होते, नजर सरावते आणि आपल्याला सगळं पुरेसं उजळ वाटतं. पानाला अशी सोय नाही. त्याच्यावर जेवढा उजेड पडला तेवढाच त्याचा.

उजेड मोजायचं एकक आहे लक्स. मोबाइलमध्ये लक्स मोजणारी अ‍ॅप फुकट मिळतात. ती तंतोतंत नसतात, पण आपल्याला ढोबळ अंदाजच हवा आहे. भर दुपारी उघड्यावर सुमारे १,००,००० लक्स उजेड असतो. ऊन थेट येत नाही अशा खिडकीला अगदी चिकटून हजार ते तीन हजार. आणि खिडकीपासून आठ-दहा फूट आत, टीव्हीशेजारच्या त्या कोपऱ्यात, शंभर-दोनशे. तिथे पेपर आरामात वाचता येतो, पण उघड्यावरच्या तुलनेत तो उजेड हजारात एक भागाच्या आसपास आहे. पेपर वाचता येतो म्हणजे झाडाला पुरेल, हे समीकरणच चुकीचं.

अ‍ॅप नको असेल तर सावली बघा. दुपारी बाराच्या सुमाराला, झाड ठेवायचं त्या जागी पांढरा कागद ठेवा आणि वर फूटभर अंतरावर हात धरा. पाचही बोटं वेगळी दिसतील अशी ठळक सावली पडली तर उजेड उत्तम. हाताचा नुसता धूसर आकार दिसला तर मध्यम, घरात ठेवायच्या बऱ्याच झाडांना चालेलसा. सावलीच पडली नाही तर ती जागा झाडाची नाही. तिथे पितळेची समई ठेवा, फोटो लावा. झाड ठेवायचंच असेल तर वर फूट-दीड फुटावर दहा-वीस वॅटचा साधा पांढरा एलईडी दिवा लावून तो रोज बारा तास चालू ठेवा. झाडाला दिव्याचा उजेडही चालतो.

आता दिशांकडे येऊ. इथे मला एक गोष्ट जरा सविस्तर सांगायची आहे, कारण आपल्याकडे झाडांची बरीचशी माहिती इंग्लंड-अमेरिकेच्या पुस्तकांतून उचललेली असते. ती पुस्तकं सांगतात, दक्षिणेची खिडकी सगळ्यांत चांगली. लंडनचा अक्षांश ५१ अंशांच्या पुढे. तिथे दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेकडेच राहतो आणि डिसेंबरात भर दुपारीसुद्धा क्षितिजापासून १५ अंशांच्या आसपासच वर येतो. मुंबई-पुणं १८-१९ अंशांवर. आपल्याकडे डिसेंबरात सूर्य दुपारी दक्षिणेला ४८ अंशांच्या आसपास असतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून ऊन चार-पाच फूट आत येतं. मे महिन्याच्या मध्याला तो बरोबर डोक्यावर येतो, आपली सावली पायाखाली नाहीशी होते, आणि तिथून जुलै संपत येईपर्यंत दुपारचा सूर्य चक्क किंचित उत्तरेला असतो. त्या दिवसांत दक्षिणेच्या खिडकीला थेट ऊन जवळपास मिळतच नाही. म्हणजे आपल्याकडची दक्षिणेची खिडकी हिवाळ्यात श्रीमंत आणि उन्हाळ्यात गरीब. पुस्तकातलं वाक्य खरं आहे, पण ते आपल्या गावचं नाही.

पूर्वेची खिडकी घरातल्या झाडांसाठी मला सर्वांत भरवशाची वाटते. सकाळचं कोवळं ऊन दोन-तीन तास मिळतं आणि भाजत नाही. पश्चिमेच्या खिडकीत एप्रिल-मेमध्ये दुपारनंतरचं ऊन काचेतून येऊन पानांवर तपकिरी डाग पाडतं, तेव्हा तिथे पातळ पडदा हवाच. उत्तरेला उजेड मंद पण स्थिर.

आणि तुळस. हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण स्पष्ट लिहायलाच हवं. तुळस घरातलं झाड नाही. वाड्याच्या अंगणातल्या वृंदावनात ती उघड्या आभाळाखाली होती. फ्लॅटमध्ये आल्यावर आपण तिला देवघराजवळ आत आणली, आणि ती पुन्हापुन्हा जाते, तेव्हा घरातली बाई मनात काहीबाही शंका धरते. शंका धरू नका. तुळशीला रोज चार-सहा तास थेट ऊन लागतं आणि देवघरापाशी ते नसतं, एवढंच कारण आहे. तिला गॅलरीच्या कठड्यापाशी किंवा खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवा, मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडा आणि नमस्कार तिथेच जाऊन करा.

३. अळूची भावंडं

मग घराच्या आत टिकतात ती झाडं कोणती? नर्सरीत जाऊन यादी करा: मनीप्लांट, पीस लिली, सिंगोनियम, मॉन्स्टेरा, अँथुरियम, डिफेनबाखिया, अ‍ॅग्लोनेमा, झेडझेड. नावं परकी वाटतात, पण ही सगळी एकाच कुळातली आहेत आणि ते कूळ आपल्या परसातल्या अळूचं आहे. सुरण त्यातलाच. पावसाच्या तोंडावर ठाणे-रायगडच्या बाजारात येणारी शेवळंसुद्धा त्यातलीच.

या कुळातल्या पुष्कळ वनस्पती दाट जंगलाच्या तळाशी वाढतात. वर उंच झाडांचं छत असतं आणि खाली गाळूनगाळून आलेला थोडासा उजेड. त्यात भागवायची सवय त्यांना पिढ्यान्‌पिढ्या लागलेली. आपल्या खिडकीजवळची जागा त्यांना ओळखीची वाटते ती त्यामुळे.

भागवणं आणि बहरणं यांत मात्र फरक आहे, आणि तो मनीप्लांट उत्तम दाखवतो. हा मूळचा प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटाचा. घरातल्या बाटलीत त्याची पानं तळहाताएवढी असतात. तोच वेल कोकणात कुठे माडावर किंवा आंब्यावर चढलेला पाहा. पानं हातभर लांब, कडा चिरत गेलेल्या. ओळखूच येत नाही. चढायला आधार आणि भरपूर उजेड मिळाला की तो असा होतो. घरातला मनीप्लांट लांबलचक दोरीसारखा वाढत असेल आणि दोन पानांतलं अंतर वाढत चाललं असेल, तर ती भरभराट समजू नका. तो उजेड शोधत निघाला आहे.

अळूच्या या नात्यात एक सावधगिरीही दडलेली आहे. अळू नीट शिजला नाही तर घसा खाजतो, म्हणून आपण फदफद्यात चिंच घालतो. ती खाज येते सुईसारख्या बारीक स्फटिकांमुळे, कॅल्शियम ऑक्झलेटच्या. तेच स्फटिक मनीप्लांट, पीस लिली आणि डिफेनबाखियातही असतात. डिफेनबाखियाचा तुकडा चावला तर जीभ सुजते, काही वेळ बोलता येत नाही. रांगतं मूल किंवा मांजर असलेल्या घरात ही झाडं जमिनीवर ठेवू नका, आणि छाटणी केल्यावर हात धुवा.

स्नेक प्लांट या कुळातला नाही. तो पश्चिम आफ्रिकेचा, कोरड्या जागी तग धरणारा. पानांतच पाणी साठवतो. झेडझेड अळूच्या कुळातला असला, तरी पूर्व आफ्रिकेतला असल्याने त्यानेही मातीखाली बटाट्यासारख्या गाठी धरून ठेवल्या आहेत. या दोघांना नियमित पाणी घालणं म्हणजे भरल्या माठात पाणी ओतणं. घरी सतत कुणी नसतं, वरचेवर गावाला जाणं होतं, अशा कुटुंबांनी सुरुवात यांच्यापासूनच करावी.

४. मुळं श्वास घेतात

आता त्या काळ्या गाळाकडे परत येऊ. मुळं पाणी पितात हे आपल्याला माहीत असतं. ती श्वास घेतात हे सहसा कुणी सांगत नाही. मूळ जिवंत आहे, त्याला प्राणवायू लागतो, आणि तो त्याला मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून मिळतो. पाणी घातलं की त्या पोकळ्या पाण्याने भरतात. पाणी निथळून गेलं किंवा मुळांनी शोषून घेतलं की पुन्हा हवा येते. हे भरणं आणि रिकामं होणं चालू राहिलं पाहिजे.

पोकळ्या सतत भरलेल्या राहिल्या तर मुळं गुदमरतात, कारण प्राणवायू हवेतून जितक्या वेगाने सरकतो त्याच्या सुमारे दहा हजारपट हळू तो साचलेल्या पाण्यातून सरकतो. गुदमरलेलं मूळ मरतं आणि ओल्या मातीतल्या बुरशीसारख्या जिवांना आयतं सापडतं. हीच मूळकुज. मुळं गेली की झाडाला पाणी ओढता येत नाही, म्हणून भरपूर ओल असतानाही पानं माना टाकतात. तहानलेलं झाड आणि बुडालेलं झाड वरून सारखंच दिसतं. घात होतो तो इथे. माना टाकलेल्या झाडाला पाणी घालण्याआधी मातीत दोन पेरं बोट घाला. माती कोरडी असेल तर पाणी द्या. ओली असेल तर हात आवरा.

इथे हमखास प्रश्न येतो: मग मनीप्लांट बाटलीतल्या नुसत्या पाण्यात कसा जगतो? पाण्यातच फुटलेली मुळं वेगळ्या घडणीची असतात, त्यांच्या आत हवेसाठी पोकळ वाटा असतात. शिवाय बाटलीतल्या स्वच्छ पाण्यात, ते बदलत राहिलं तर, थोडा प्राणवायू विरघळलेला असतो. कुंडीतल्या चिखलात तो असंख्य सूक्ष्मजीव आधीच संपवून टाकतात. मातीत वाढलेली मुळं मात्र अचानक बुडवली तर त्यांना ही तयारी नसते.

कुंडीच्या तळाला खडे किंवा खापऱ्यांचा थर द्यावा म्हणजे पाणी निथळतं, असं आपण आजीकडून ऐकलेलं आहे. याची पडताळणी भांडी घासायच्या स्पंजावर करता येते. कोरा, लांबट स्पंज पाण्यात पूर्ण भिजवा आणि तळहातावर आडवा धरा. ठिबकणं थांबेपर्यंत थांबा. आता तोच उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल. स्पंज तोच, पाणीही तेच. कारण असं की बारीक छिद्रांत पाणी चिकटून राहतं आणि तळाशी एक चिंब पट्टा नेहमीच उरतो. या पट्ट्याची उंची ठरलेली असते. उभ्या स्पंजात तो पट्टा एकूण उंचीचा छोटा भाग असतो, आडव्यात मोठा. मातीचंही तसंच. उथळ पसरट कुंडी जास्त काळ ओली राहते. आणि तळाला चार बोटं खडे घातले तर बारीक छिद्रांतलं पाणी मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही, तो चिंब पट्टा खड्यांच्या वर, मुळांच्या आणखी जवळ सरकतो. माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर एक खापरी पुरे. बाकी कुंडीभर मातीच घाला.

माती कसली, हा पुढचा प्रश्न. देशावरची काळी माती ज्वारीला, कापसाला सोन्यासारखी, पण कुंडीत ती वैरीण होते. भिजली की फुगून पोकळ्या बंद करते आणि वाळली की आकसून कुंडीच्या कडा सोडते, मग घातलेलं पाणी कडेने थेट खाली जातं. घरातल्या झाडांसाठी मी लाल माती दोन भाग, धुतलेलं कोकोपीट एक भाग, गांडूळखत एक भाग आणि जाडसर वाळू किंवा भाताचं तूस एक भाग घेते. मूठ आवळली तर गोळा व्हावा आणि बोटाने टोचला तर फुटावा, एवढी भुसभुशीत हवी.

कुंडी झाडाच्या मुळांपेक्षा दोन बोटं मोठी, जास्त नाही. मोठ्या कुंडीत इवलंसं रोप लावलं तर जिथे मुळं पोहोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते. आणि भोक नसलेल्या सुबक चिनी मातीच्या कुंड्या फक्त बाहेरून झाकायला वापरा. झाड आत साध्या भोकाच्या कुंडीत ठेवा, पाणी घालताना बाहेर काढा, निथळलं की परत ठेवा.

५. मग पाणी घालायचं कधी?

मुळांनी ओढलेल्या पाण्यापैकी शंभरातले सत्त्याण्णवांहून जास्त भाग पानांवरच्या बारीक छिद्रांतून वाफ होऊन उडून जातात. झाडाच्या अंगी फारच थोडं लागतं. ही छिद्रं बहुतेक झाडांत उजेडात उघडतात. उजेड जास्त, तर छिद्रं जास्त उघडी, साखर जास्त, वाफही जास्त. आता पहिल्या पानावरचं कोडं आकड्यांत सोडवू.

समजा, एकाच मापाच्या दोन कुंड्या आहेत, एक खिडकीत आणि एक कोपऱ्यात. दोन्हींना भरपूर पाणी घालून, निथळू देऊन, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवल्या. दोन्ही भरल्या १९०० ग्रॅम. दुसऱ्या दिवशी खिडकीतली १८२० झाली, कोपऱ्यातली १८८०. पाण्याचा एक मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम, तेव्हा खिडकीतल्या कुंडीतून ८० मिलिलिटर पाणी उडालं आणि कोपऱ्यातल्या कुंडीतून फक्त २०. आता दोघींना रोज अर्धा कप, म्हणजे १०० मिलिलिटर, पाणी मिळतंय. खिडकीतली ते जवळजवळ पिऊन टाकते. कोपऱ्यातली पाचवा हिस्सा पिते, आणि उरलेल्यामुळे तिची माती एक दिवसही सुकत नाही. हात तोच, प्रेम तेच, आणि महिन्याभरात एक झाड वर जातं, दुसरं कुजतं.

रोज वजन करायची गरज नाही. पाणी घातल्यावर कुंडी एकदा उचलून तिचा भार हाताला लक्षात ठेवायला सांगा. दोन-चार दिवसांनी पुन्हा उचला. पंधरवड्यात हाताला अंदाज येतो, जसा सिलिंडर हलवून गॅस किती उरलाय हे कळतं. हलकी लागली की पाणी घाला, आणि घालाल तेव्हा भोकातून बाहेर येईपर्यंत पोटभर घाला. रोज घोटभर पाण्याने वरची माती ओली राहते आणि खालची मुळं कोरडी राहतात किंवा कुजतात, दोन्हीकडून तोटाच. पीस लिली स्वतःच सांगते: तहान लागली की सगळी पानं एकदम खाली सोडते आणि पाणी मिळालं की काही तासांत उभी राहते. नवशिक्याला यासारखा गुरू नाही.

ऋतूंबद्दल पुस्तकं म्हणतात, हिवाळ्यात पाणी कमी करा. त्यांच्याकडे हिवाळा हा अंधाराचा ऋतू आहे. आपल्याकडे अंधाराचा ऋतू पावसाळा आहे. जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं, उजेड अर्ध्याहून कमी, हवेत दमट ओल, त्यामुळे कुंडी सुकतच नाही. माझी सगळ्यांत जास्त झाडं मी सुरुवातीच्या वर्षांत जुलै-ऑगस्टमध्ये गमावली, आणि कितीतरी दिवस मला वाटत होतं की पावसाळा तर झाडांचा सण, मग हे कसं? बाहेरच्या झाडांचा तो सण आहेच. आतल्या झाडांची मात्र ती कसोटी असते. पावसाळ्यात पाण्याचं अंतर दुप्पट करा आणि कुंड्या खिडकीच्या हातभर जवळ सरकवा. कोकण, मुंबई आणि गोव्यात तर हे आवर्जून. नागपूर-विदर्भात एप्रिल-मेची कोरडी हवा आणि कूलर-पंख्याचा वारा असतो, तिथे त्या दोन महिन्यांत उलट लक्ष ठेवावं लागतं.

“आठ दिवस गावाला चाललोय, झाडांचं काय करू?” याचंही उत्तर आता तुम्हीच देऊ शकाल. जायच्या दिवशी पोटभर पाणी घाला, निथळू द्या आणि कुंड्या खिडकीपासून दूर, मंद उजेडात ठेवा. उजेड कमी म्हणजे तहान कमी. आठ-दहा दिवस आरामात निघतात.

खताचा हिशोबही उजेडाशीच बांधलेला आहे. नवी पानं फुटत असतील तेव्हा महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत पुरतं. वाढ थांबली असेल तेव्हा काहीही घालू नका. चहाचा चोथा घालायचा तर दूध-साखर पूर्ण धुऊन, वाळवून घाला, नाहीतर मुंग्या लागतात. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसला तर तो खताचा आणि बोअरच्या जड पाण्याचा क्षार आहे. भरपूर साध्या पाण्याने माती एकदा धुऊन काढा.

६. हवा शुद्ध होते का, आणि रात्री झाड चालतं का?

लंडनचे डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांना नेचे वाढवायची हौस होती, पण कोळशाच्या धुराने त्यांचे नेचे मरत. १८२९ साली त्यांनी पतंगाचा कोश बंद बाटलीत ओल्या मातीत ठेवला होता, आणि त्या बाटलीत नेचा आपोआप उगवून आला. बंद काचेत धूर शिरत नव्हता आणि वाफ झालेलं पाणी काचेवरून पुन्हा मातीत पडत होतं. या काचपेट्यांतून पुढे जहाजांवरून जगभर रोपं फिरली. रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधली चहाची रोपं भारतात आणली ती अशाच पेट्यांतून. वॉर्ड यांची गोष्ट इथे सांगितली, कारण आज आपण उलट समजतो की झाड आपल्याला वाईट हवेपासून वाचवेल.

ही समजूत पसरली ती नासाच्या १९८९ च्या प्रयोगांवरून. त्यांत झाडांनी हवेतली काही घातक रसायनं कमी केली हे खरं आहे, पण ती झाडं लहानशा हवाबंद पेटीत होती. आपलं घर पेटी नाही. २०१९ साली अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी असे बरेच प्रयोग एकत्र तपासले आणि हिशोब मांडला: दारं-खिडक्यांतून हवा जेवढी आपोआप बदलते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. दहा बाय दहाची खोली सव्वानऊ चौरस मीटरची असते. कमीत कमी धरली तरी ९३ झाडं. झाडं ठेवा ती डोळ्यांना आणि मनाला बरं वाटतं म्हणून. हवेसाठी खिडकी उघडा.

रात्री झाड खोलीत ठेवू नये, या भीतीलाही आधार नाही. झाड रात्री थोडा कार्बन डायऑक्साइड सोडतं, पण एक माणूस दिवसाला साधारण एक किलो सोडतो. त्यापुढे कुंडीतल्या झाडाचा वाटा चिमूटभर. स्नेक प्लांट आणि कोरफड यांची पानावरची छिद्रं तर रात्रीच उघडतात, पाणी वाचवण्यासाठी.

७. पाहुणे

मातीवर बारीक काळी चिलटं भिरभिरत असतील तर औषध शोधू नका. माती सतत ओली आहे, एवढाच त्याचा अर्थ. वरचा दोन बोटांचा थर पूर्ण सुकू दिला की त्यांच्या अळ्या मरतात. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा, मग लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि दोन थेंब पातळ साबण मिसळून आठवड्याने एकदा, असं तीनदा फवारा. पानांवरची धूळ महिन्यातून दोनदा ओल्या फडक्याने पुसा. धूळही उजेड अडवते.

एका पाहुण्याबद्दल मात्र हयगय नको. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. कुंडीखालची ताटली आणि मनीप्लांटची बाटली या त्याच्या आवडत्या जागा. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात आणि कडांना चिकटलेली अंडी कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून आठवड्यातून एक वार ठरवा. त्या दिवशी ताटल्या रिकाम्या करून आतून घासायच्या, बाटलीतलं पाणी बदलायचं, बाटली आतून ब्रशने घासायची.

आता पुस्तक बाजूला ठेवा आणि घरातली सगळ्यांत कोपऱ्यातली कुंडी दोन्ही हातांनी उचलून पाहा. जड लागली तर आज तिला पाणी घालू नका. खिडकीजवळ नेऊन ठेवा.